मेलेला नवरा बदलीच्या गावी जातो

१

आमच्या कादंबरीतला मेलेला नवरा जिवंत झाला, आणि हे माझ्या लक्षात यायला जवळजवळ आठवडा गेला. तोवर मी त्याची बॅग भरली होती, त्याला गाडीत बसवलं होतं, बदलीच्या गावी भाड्याची खोली शोधून दिली होती आणि त्या खोलीच्या खिडकीला गंजकी कडीसुद्धा लावली होती. बरीच पानं झाली होती. चांगली झाली होती, हे जास्त वाईट.

ताई आणि मी मिळून रहस्यकथा लिहितो. कट ती रचते, लिहिते मी. आम्ही राहतो शहराच्या दोन टोकांना, पण पुस्तक एकाच सॉफ्टवेअरमध्ये असतं. त्यात प्रत्येक प्रसंगाला वेगळं पान आणि पानाशेजारी सारांशाची छोटी चौकट. ताई चौकटीत दोन-तीन ओळी टाकते, मी त्यावरून पान भरते. शिवाय 'सगळे सारांश' नावाची एक खिडकी आहे. ती उघडली की साऱ्या चौकटी एकाखाली एक लागतात आणि प्रसंग न उघडता तिथल्या तिथे खोडता-लिहिता येतं. ताईचा मुक्काम त्याच खिडकीत. प्रसंगांना आकडे द्यायचे नाहीत असा तिचा हुकूम आहे, कारण ती रोज कुणाला तरी वर ढकलते नाहीतर खाली ओढते.

मत बदलण्याची तर तिला खोडच आहे. त्यामुळे 'नवरा विषाने मरतो' या जागी 'नवरा बदलीच्या गावी जातो' असं दिसलं, तेव्हा मी दात-ओठ खाल्ले आणि मुकाट्याने लिहायला बसले. पुढे बायकोच्या एका प्रसंगात 'तिला शांत झोप लागते' होतं, तिथे 'ती पत्राची वाट बघते' झालं होतं. बघू दे बापडी, म्हटलं. ते दोन्ही प्रसंग लिहून झाल्यावर मी त्यांच्या मधली चौकट उघडली. तिथे इन्स्पेक्टर शवागारात उभा होता आणि नवऱ्याच्या पोटात काय सापडलं ते डॉक्टर त्याला सांगत होते.

मी फोन लावला.

"ताई, हा माणूस जिवंत आहे की मेलाय, एकदाचं ठरव."

"कोण?"

"नवरा."

"मेलाय. सुरुवातीलाच मारलाय मी त्याला. झोपेत लिहितेस का तू?"

"मग बदलीच्या गावी कोण गेलंय?"

तिकडे माउसची टकटक ऐकू आली.

"माझ्या सारांशांना हात कुणी लावला?" ताईने विचारलं. "तू?"

२

सॉफ्टवेअर प्रसंगाच्या जुन्या प्रती जपून ठेवतं, सारांशाच्या नाही. ही अक्कल कुणाची, मला माहीत नाही; भेटला तर त्याला मी आमच्या पुढच्या पुस्तकात पहिल्या पानावर मारीन. शिवाय आम्ही दोघी एकाच खात्यातून काम करतो, आणि पासवर्ड ताईच्या मशीनला चिकटवलेला आहे. म्हणजे कुणी केलं हे विचारायचं तर यंत्राला काही विचारण्यात अर्थ नव्हता. उरलो आम्ही दोघी, एकमेकींना विचारायला.

भांडण आधीपासून धुमसत होतंच. या पुस्तकातली बायको मला फार कोरडी वाटत होती. नवरा गेला आणि हिला काहीच होत नाही, अशी कशी बाई, असं मी ताईला चार वेळा म्हटलं होतं. ताईचं उत्तर ठरलेलं: वाचकाला बायकोचा संशय यायला हवा, म्हणून तिच्या नजरेतले प्रसंग कोरडेच राहतील. आता ताईला वाटलं, मी हट्टाने बायकोला मऊ केलं. आणि मला वाटलं, हिने स्वतःच बदललं, माझी मेहनत पाण्यात गेल्यावर कबूल करायची लाज वाटली, आणि आता खापर माझ्या डोक्यावर.

"तू विसरली असशील," मी म्हटलं.

"मी माझे खून विसरत नाही."

"मग खोटं बोलत असशील."

हे बोलायला नको होतं. पण वाया गेलेली पानं डोळ्यांसमोर होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ताई थंडपणे म्हणाली, "तुला असं वाटत असेल तर एकत्र काम कसं करायचं?"

"करायचंच नाही. यापुढे तुझ्याबरोबर एक ओळ लिहिणार नाही मी."

"नको लिहूस."

सात पुस्तकं एकत्र केली होती आम्ही. ती अशी दोन शब्दांत संपली. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले आणि रडले. मग मावशीला फोन केला. तो लागेना, कारण ताई तिच्याशी बोलत होती.

३

आमच्या मावशीला नात्यात सगळे 'लाल पेन' म्हणतात. ती परीक्षा मंडळात मुख्य मॉडरेटर होती. कॉपीची प्रकरणं शेवटी तिच्या टेबलावर यायची. निवृत्त झाली तरी पेन काही खाली ठेवलं नाही. लग्नाच्या पत्रिकाही ती तपासून परत देते.

"तुम्ही दोघी गाढव आहात," माझ्या घरी आल्या आल्या ती म्हणाली. "पण कोणती मोठी, ते बघू. ती खिडकी उघड."

मी सगळे सारांश उघडले. बदललेल्या चौकटी मी पिवळ्या करून ठेवल्या होत्या. मावशी चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनला नाक लावून वाचत गेली. बायको उंदराचं औषध आणते, इथे 'उंदीर पळून गेल्यामुळे औषध परत करते' झालं होतं. नवऱ्याचे कपडे वाटून टाकते, इथे 'कपडे इस्त्री करून ठेवते'. आणि लगोलग खाली, पांढऱ्या चौकटीत, इन्स्पेक्टर तेच औषध पुरावा म्हणून पाकिटात घालतो.

"नवरा गावाला गेलाय आणि इकडे त्याचं शवविच्छेदन चाललंय," मावशी म्हणाली. "असा निष्काळजी गुन्हेगार मी पाहिला नाही."

"घाईत केलं असेल."

"घाईत? भाषा बघ. एकेक ओळ जपून लिहिलीय. पिवळी चौकट पुढच्या पिवळ्या चौकटीला बरोबर जुळते. पांढरीला मात्र एकही जुळत नाही." तिने चष्मा खाली घेतला. "चूक कुठे आहे ते सगळेच बघतात. मी बघते, चूक कुठे नाही. तुमच्या दोघींशिवाय या पुस्तकात कुणाचा हात असतो?"

"संपादकांचा."

"चल."

संपादकांची केबिन म्हणजे परत आलेल्या पुस्तकांचं गोदाम. एका गठ्ठ्यावर मावशी बसली, दुसऱ्यावर मी. तारीख तोंडावर आली आहे हे त्यांनी आम्हाला दोनदा ऐकवलं. मग आम्ही का आलो ते ऐकून त्यांचा चेहरा पडला, आणि लगेच, मला वाटलं, थोडा खुललासुद्धा.

"खरं सांगू? नवरा जिवंत असला तर वाईट नाही. लोकांना हल्ली घरगुती गोष्टी हव्यात. मी ताईंना म्हटलंही होतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणून तुम्ही बदललंत?"

"मी? अहो, पूर्ण आराखडा मीच मंजूर केलाय, शवागारासकट! मी शनिवारी ताईंकडे गेलो होतो हे खरं. त्यांच्याच मशीनवर फिल्टर लावून बायकोच्या नजरेतले प्रसंग तेवढे समोर ठेवले आणि सलग वाचले. काय बाई आहे! अंगावर काटा आला. चहा घेतला आणि निघालो. एक अक्षर बदललं नाही."

"मशीन बंद केलंत?" मावशीने विचारलं.

"ताईंचं मशीन मी कशाला बंद करू?"

जिना उतरताना मी म्हटलं, "हाच. याचाच फायदा आहे."

"याला शवागार पाठ आहे," मावशी म्हणाली. "तोच तर त्याचा बचाव. आता तुझ्या ताईकडे."

"मी येणार नाही."

"तुला विचारलं नाही मी."

४

दार भाऊजींनी उघडलं. ताईचा नवरा म्हणजे पूल तपासणारा इंजिनियर. आयुष्यभर पुलांच्या पोटाखाली हातोडी घेऊन फिरला. शांत माणूस. रक्त चालत नाही, म्हणून आमच्या सात पुस्तकांपैकी एकही त्यांनी वाचलेलं नाही. ताईच्या खुनांबद्दल ते लोकांना "ती लेखन करते" एवढंच सांगतात.

आम्हाला आत घेऊन त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि न बोलता चहा ठेवायला गेले. कप आणून समोर ठेवले. आपल्या कपातली साखर ढवळून चमचा अलगद बशीत ठेवला. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली.

"तब्येत बरी आहे ना रे?"

"बरी आहे." आणि ते कप घेऊन गॅलरीत गेले.

ताई तिच्या खोलीत मशीनसमोर पाठ करून बसली होती. माझ्याकडे वळलीही नाही.

"मावशी, तिला सांग, खुर्चीवरचे कागद खाली ठेवून बसायला."

"मावशी, तिला सांग, मी उभीच बरी आहे."

"मी पोस्टमन नाही," मावशी म्हणाली आणि स्वतः त्या खुर्चीत बसली. "शनिवारी संपादक गेल्यावर मशीन तसंच राहिलं?"

"राहिलं असेल. रविवारी मी दिवसभर वाचनालयात होते, भाषण होतं. सोमवारी बघते तर या संपादक गृहस्थांनी फिल्टर लावून ठेवलेला. काढला आणि कामाला लागले."

"तेव्हा बदल दिसले नाहीत?"

"मी शेवटाशी झगडतेय, मावशी. सुरुवातीकडे बघायला वेळ आहे कुणाला? आणि मी लिहिलेलं मी कशाला पुन्हा वाचू? मला ते पाठ आहे."

"म्हणून दाखव. बायकोच्या नजरेतला पहिला प्रसंग, मूळ जसा होता तसा."

ताईने डोळे मिटले. "'नवरा रात्री कुलूप लावतो आणि दार तीनदा ढकलून बघतो. सकाळी चहा ढवळून चमचा कपाच्या काठावर दोनदा वाजवतो. बायको भिंतीकडे तोंड करून ऐकते. तिला वाटतं, हे एक दिवस थांबेल.'"

"आता काय आहे तिथे?"

मी स्क्रीनवर बघून वाचलं. "'नवरा सकाळी चहा पितो. बायको ऐकते.' एवढंच."

मावशीने हळूच खोलीचं दार लोटलं.

"ज्याने हे केलं," ती म्हणाली, "त्याला तुमचं पुस्तक मुळी माहीतच नाही."

५

"म्हणजे बाहेरचं कुणी?" मी विचारलं.

"ऐक. एकदा माझ्याकडे एका मुलाचा पेपर आला होता. अर्धं उत्तर सुंदर आणि मग एकदम भलताच विषय. शेजारच्याचं एकच पान दिसत होतं त्याला, दुसरं कोपराखाली होतं. त्याने दिसलं तेवढं उतरवलं आणि बाकीचं जुळवून घेतलं. इथे तेच झालंय. पिवळ्या चौकटी कुणाच्या नजरेतल्या आहेत?"

मी वरून खाली बघितलं. पुन्हा बघितलं. मी आठवडाभर या चौकटींकडे बघत होते आणि मला हे दिसलं नव्हतं, याचा मला मनस्वी राग आला. "बायकोच्या. सगळ्या."

"त्यातली एकही सुटली नाही आणि बाहेरची एकही धरली नाही. तुझ्या ताईने नवऱ्याला जिवंत करायचं ठरवलं असतं तर तिने आधी शवागार काढलं असतं. तूही काढलं असतंस. संपादकानेही. ज्याला शवागार आहे हे ठाऊक आहे तो ते ठेवणार नाही. म्हणजे बदल करणाऱ्याला ते दिसलंच नाही. शनिवारी संपादकाने फिल्टर लावला, सोमवारी तुझ्या ताईने काढला. मधल्या रविवारी जो या खुर्चीत बसला, त्याला फक्त बायको दिसली. प्रसंगांना आकडे नाहीत, तेव्हा मधलं काही गायब आहे हेही कळायला मार्ग नाही. त्याला वाटलं, गोष्ट एवढीच आहे."

ताई आता आमच्याकडे वळून बसली होती. "रविवारी घरी फक्त हे होते. आणि हे वाचत नाहीत."

"मी या माणसाला तुमच्या लग्नापासून बघतेय," मावशी म्हणाली. "पूल असो नाहीतर दार, लावलं की ढकलून बघतो. चहा ढवळला की चमचा वाजवतो. दोन्ही तू उचलून पुस्तकातल्या नवऱ्याला दिलंस. आणि आज त्याने दार लावलं, कडी घातली आणि निघून गेला. चमचा आवाज न करता बशीत ठेवला. तुला आठवड्यात जाणवलं नाही?"

ताईचं तोंड उघडं राहिलं. "मला वाटलं, घरात बरं वाटतंय जरा. का ते कळत नव्हतं."

दारामागे कुणीतरी घसा खाकरला. मी दार उघडलं. भाऊजी रिकामे कप घेऊन उभे होते, किती वेळ ते देव जाणे.

"मी मशीन बंद करायला आलो होतो," ते म्हणाले.

६

ते आत आले, पण बसले नाहीत. कप हातातच होते.

"ती नेहमी चालू ठेवून जाते. बंद करायला गेलो तर पहिल्याच ओळीत दार होतं. तीनदा ढकलतो ते. हसलो मी आधी. मग वाचत गेलो. चमचा. चष्मा शोधणं. सगळं माझंच. मग ती उंदराचं औषध आणते. मग मी मरतो. मग तिला शांत झोप लागते." ते थांबले. "माझे कपडे वाटून टाकते. आणि शेवटपर्यंत तिला एकदाही वाईट वाटत नाही."

"अहो, पण ती गोष्ट आहे!" ताई ओरडलीच. "तुम्हाला गोष्ट कळत नाही?"

"मी कुठे कधी वाचलीय? मला काय माहीत, कशी असते?"

"म्हणून तुम्ही माझ्या सारांशांत घुसून—"

"मी फक्त त्याला गावाला पाठवला. म्हटलं, जवळ नको असेल तर नको. पण मरायला कशाला हवं?"

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. या माणसाने बिचाऱ्याने उंदीरसुद्धा मारला नव्हता, पळवून लावला होता.

मावशी नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "अरे, मग विचारायचंस ना तिला सरळ."

"विचारलं असतं," भाऊजी म्हणाले. "आणि ती हो म्हणाली असती तर?"

ताई उठली. तिने त्यांच्या हातातले कप घेतले आणि कुठे ठेवावेत ते न सुचून तशीच उभी राहिली.

"राग येतो मला त्या चमच्याचा," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? येतो. पण नवऱ्याचं पात्र लिहायचं तर सवयी कुणाच्या घेऊ? दुसऱ्या कुणाच्या मला ठाऊक आहेत?"

ताईने कप कागदांवरच ठेवले, मावशीला खुर्चीवरून उठवलं आणि ती खुर्ची मशीनसमोर ओढली.

"बसा इथे. बायकोच्या प्रसंगांत बायको कोरडीच दिसणार, तो माझा डाव आहे. खून त्याच्या भागीदाराने केलाय. तिला काय होतं ते इन्स्पेक्टरला दिसतं, आणि त्याचे प्रसंग तुम्हाला दिसले नाहीत. आता सगळं वाचा. वरपासून."

मी बाहेरच्या खोलीत आले आणि पिशवी उचलली. ताईने केलं नव्हतं, हे सिद्ध झालं होतं. मी तिला खोटी म्हटलं होतं, हेही तितकंच सिद्ध झालं होतं. आत तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. माफी मागायची तर कोणत्या तोंडाने, आणि नवऱ्याशी हे चाललेलं असताना मध्येच कशी, मला काही सुचेना. मावशी बूट घालत होती. मदत करायचा तिचा विचार दिसत नव्हता.

आतून भाऊजींचा आवाज आला. "ही जाते? पोलीस चौकीत?"

"हो. रोज. तपास कुठवर आला, विचारायला."

"सारांशात तर एकच ओळ आहे. 'बायको चौकशीला येते.'"

"माझी एकच ओळ आहे. रोज यायला, चौकी उघडायच्या आधीच येऊन पायरीवर बसायला हिने लावलं. मला नाही येत तसलं." मग एकदम मोठ्याने, "अगं, कुठे निघालीस? यांना सारांशाने कळत नाहीये. ये, पान उघड आणि वाचून दाखव."

मी दारात जाऊन उभी राहिले. "ताई, मी तुला जे बोलले—"

"ते नंतर. मी सोडणार नाहीये तुला त्यावरून. आधी वाच."

मी पिशवी ठेवली. भाऊजी मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. मी पान उघडून वाचायला लागले. पायरीवर बसलेली बाई, कुलूप उघडणारा हवालदार, उशिरा येणारा इन्स्पेक्टर. तो तिला विचारतो, बाई, काही कळलं तर आम्ही कळवू, तुम्ही रोज इतक्या लवकर कशाला येता? ती म्हणते, 'ते नसले की माझी सकाळच होत नाही, साहेब.'

वाचता वाचता मी थांबले. फार गोड झालं होतं ते. ताईनेही त्याच वेळी नाक मुरडलं.

"हे काढ," ती म्हणाली. "या बाईच्या तोंडी शोभत नाही."

"मलाही तेच वाटतंय," मी म्हटलं आणि कीबोर्ड पुढे ओढला.

भाऊजींनी कीबोर्डवर हात ठेवला. पूल तपासून तपासून राठ झालेला हात. स्क्रीनवरची नजर त्यांनी हलवली नाही.

"राहू दे," ते म्हणाले.

मी ताईकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत होती.

"राहू दे," ताई म्हणाली. "पुढचं वाच."